भाड्याचं अंधारं स्वयंपाकघर, जुने दिवे कुठून घेऊ? (बजेट २५००)

तळमजला:
कोथरूडला तळमजल्यावर वन बीएचके भाड्यानं घेतलाय. घर ठीक आहे, पण स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी डक्टमध्ये उघडते. भर दुपारी बारालाही दिवा लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नाहीत. ओटा काळ्या कडप्प्याचा, टाइल्स चॉकलेटी. उजेड म्हणाल तर ओट्याच्या समोरच्या भिंतीवर एक चोकवाली ट्यूब, ती लागताना चारदा डोळे मिचकावते. मालकांनी बजावलंय: रंग नाही, खिळे नाहीत, ड्रिलचं तर नावच काढू नका. करार ११ महिन्यांचा, म्हणून नवीन महागाचं काही घ्यायचं नाहीये. एखादा छानसा जुना दिवा आणि एक-दोन शोभेच्या वस्तू आणून जरा प्रसन्न करावं म्हणते. सगळं मिळून २५०० रुपये. कुठे जाऊ, काय बघून घेऊ? वायरिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही.

जुनाखोड:
जुना बाजार, मंगळवार पेठ. बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा, उशिरा गेलात तर आमच्यासारख्यांनी नाकारलेलं तेवढं उरतं. मी तिथून इनॅमलची फॅक्टरी-शेड आणली, बाहेरून हिरवी, आतून पांढरी. तो १२०० म्हणाला, मी पाठ फिरवली, दहा पावलांवर ४०० ला हाक आली. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्या शेडकडे बघतो, मग माझ्याकडे.

बोरीवलीची_मीनल:
पुण्यात कशाला? सरळ चोर बाजार गाठ, मटण स्ट्रीट. फक्त शुक्रवारी जाऊ नकोस, दुकानं बंद असतात. मी ८००० ला झुंबर घेतलं, अस्सल बेल्जियम काच. स्वयंपाकघरातच लावलंय. बघणारे थक्क होतात.

जुनाखोड:
चोर बाजारात जे जे काचेचं, ते ते बेल्जियमचं. बाईंचं बजेट २५०० आहे हो.

वांगीभात:
मीनल, झुंबराखाली फोडणी दिल्यावर लोलक तेलकट होत नाहीत?

बोरीवलीची_मीनल:
आम्ही फोडणी कमीच देतो.

मुक्काम_स्टुटगार्ट:
इकडे जर्मनीत भाड्याच्या घरात बहुतेकदा दिवेच नसतात. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, ओटासुद्धा आधीचा भाडेकरू उचलून नेतो. पहिला महिना मी मोबाइलच्या टॉर्चवर पोळ्या लाटल्या, तेव्हा तुमची ट्यूब म्हणजे चैन आहे! लोक नको असलेल्या वस्तू 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून फुटपाथवर ठेवतात. माझे तिन्ही दिवे तसलेच, खर्च शून्य. त्यातला एक आईला साताऱ्याला नेला, तर त्याचा होल्डर आट्यांचा आणि आईकडचे सगळे बल्ब पिनांचे. दिवा अजून माळ्यावर आहे. घेताना होल्डर बघा.

फेजन्यूट्रल:
ताई, ट्यूब तुमच्या पाठीमागं आली ना? मग ओट्याशी उभ्या राहिलात की तुमचीच सावली विळीवर पडणार. पाठीमागं झुंबर टांगा नाहीतर शेड, सावली तिथंच. उजेड हातांच्या पुढून आला पाहिजे. ओट्यावर स्टीलची मांडणी असेल तर तिच्या खालच्या दांडीला, पुढच्या कडेनं, दोन फुटी एलईडी बॅटन (ट्यूबसारखा सरळ दिवा) वायर-टायनं बांधा. १० वॅट पुरते, भिंतीला भोक नाही, घर सोडताना काढून न्यायची. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत अडीच-तीनशेत होईल. गॅसच्या बरोबर वर आणि नळाजवळ मात्र नको.

जुना दिवा घ्यायचाच तर सुती वेष्टणाची मूळ वायर आहे म्हणून खूश होऊ नका. आतलं रबर वाळून भुगा झालेलं असतं, वाकवली की पडतं. वायर बदलूनच वापरा. पितळी किंवा लोखंडी दिवा असेल तर तीन कोअरची वायर, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग दिव्याच्या धातूला जोडून घ्या. होल्डर आट्यांचा असेल तर फेज तळाच्या टिकलीला हवा, आट्यांना नको. उलटा जोडला तर बल्ब बदलताना झटका बसतो. चालू दिवा हाताळून बघितलेल्या माणसाचा सल्ला आहे.

ऋजुता_क:
एलईडी पट्टी घे ना, मागे चिकटपट्टी असते, काही बांधायला नको. आमच्याकडे मस्त दिसायची.

वांगीभात:
'दिसायची' म्हणजे?

ऋजुता_क:
दीड महिन्यानं वाफेनं आणि तेलानं सुटली. आमटीत पडली. पण तोवर मस्त दिसायची.

सुलूआत्या:
अगं, दिवे-बिवे राहू दे. आमच्या गिरगावातल्या चाळीत एक चाळीसचा बल्ब होता सगळ्या घराला. आई मांडणीवर स्टीलची ताटं उभी लावायची, चिंचेनं नाही तर राखेनं घासलेली. त्या एका बल्बचा उजेड ताटांवरून भिंतीवर यायचा, खोली कशी लखलखायची. तू परात लाव उभी टाइल्सना टेकून. ओट्यावर पांढरा ऑइलक्लॉथ घाल, काळा कडप्पा सगळा उजेड गिळतो. आणि शनिवारी जुनं लोखंड घरात आणू नकोस.

जुनाखोड:
आत्या, बाजार बुधवार-रविवारच असतो.

सुलूआत्या:
मग बरंय.

वांगीभात:
परात भारी. आता मुख्य मुद्दा: बल्ब ६५०० केल्विनचाच घ्या, पांढराशुभ्र. अंधाऱ्या खोलीला तोच हवा.

ऋजुता_क:
स्वयंपाकघर आहे की दवाखाना? ३००० चा पिवळा घे. घरी आल्यासारखं वाटतं.

वांगीभात:
पिवळ्यात कांदा परतला की नाही तेच कळत नाही. आमच्याकडे एकदा हळद तीनदा पडली, सगळं आधीच पिवळं दिसत होतं.

ऋजुता_क:
तो दोष बल्बचा नाही.

फेजन्यूट्रल:
ओट्यावर ४००० चा लावा, कोपऱ्यातल्या दिव्यात ३००० चा. भांडण मिटलं. आणि नुसते वॅट बघू नका, खोक्यावर लुमेन, म्हणजे उजेड किती ते, छापलेले असतात. जुन्या ६० च्या पिवळ्या बल्बचे सातशेच्या आसपास, ९ वॅटच्या चांगल्या एलईडीचे ८०० च्या वर.

पेठेतला_पिंट्या:
सगळा धागा वाचला नाही. मंगळवार पेठेतला जुना बाजार बघा, बुधवारी आणि रविवारी असतो.

अमृता_नाशिक:
+१ जुना बाजार. कापडी शेडचा दिवा मात्र अजिबात घेऊ नकोस. माझ्या शेडला चार महिन्यांत जिरं-मोहरीचा वास लागला. धुतली तर तारांचा गंज कापडावर उतरला.

जुनाखोड:
कापडी नकोच. इनॅमल पुसलं की संपलं. माझी हिरवी शेड बघा.

मुक्काम_स्टुटगार्ट:
कापडीला माझाही विरोध.

बोरीवलीची_मीनल:
कापडी? ई.

तळमजला:
सगळ्यांचे खूप आभार! रविवारी जाऊन आले. सकाळी निघायला उशीर झाला, साडेअकरा वाजले. इनॅमलच्या शेड होत्या दोन, पण टांगायला हुक लागतो आणि मालकांना छतालाही हात लावलेला चालणार नाही. मग एक पितळी टेबललॅम्प दिसला. बूड जरा चेपलेलं, कापडी शेड (माहितीये, माहितीये), मळखाऊ गुलाबी. १४०० ला घेतला. एक निळ्या नक्षीची चिनी मातीची बरणी ३५० ला, टवका मागच्या बाजूला आहे. दिवा फ्रिजवर ठेवलाय, त्यात ३००० चा बल्ब. संध्याकाळी लावला की चॉकलेटी टाइल्सना चक्क रंग येतो. ऑफिसातून आल्यावर आधी तोच लावते, चपला नंतर काढते. आत्या, परातही उभी केलीये आणि खरंच फरक पडला.

जुनाखोड:
साडेअकरा! १४०० जास्त दिलेत. मी ५०० ला आणला असता.

फेजन्यूट्रल:
वायर?

तळमजला:
बदलली. इलेक्ट्रिशियनदादांना तुमचं लिहिलेलंच वाचून दाखवलं. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग, सगळं मिळून २२०. जुनी वायर त्यांनी नुसती पिळली तर भुगाच हातात आला.

फेजन्यूट्रल:
शाब्बास. आणि ओट्यावरचा उजेड?

तळमजला:
तो आहे तसाच आहे. तांदूळ हॉलमध्ये बसून निवडते.

फेजन्यूट्रल:
ताई, १९७० झाले. ५३० उरतात. बॅटन आरामात बसते त्यात.

तळमजला:
ते नाही उरले. बाजारातून निघता निघता एक पितळी अडकित्ता दिसला, मोराचा.

सुलूआत्या:
सुपारी कोण खातं गं तुमच्यात?

तळमजला:
कुणी नाही.