'रोडगा वाहीन तुला': गाण्यातला आतला अर्थ खरंच आत असतो का?

कोरी_पाटी

परवा एका कार्यक्रमात 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला' हे संत एकनाथांचं भारूड झालं. सासऱ्याला गावीच खपव, सासूला निर्दाळ, असं एकेक मागणं येत होतं आणि लोक हसून हसून बेजार. गाणं संपल्यावर निवेदक उठले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, 'यातला सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे माया, बाकीची मंडळी म्हणजे विकार. नाथांना हे सांगायचंय.' सगळे एकदम वर्गात बसल्यासारखे गप्प!

तर प्रश्न असा, की हा अर्थ नाथांनी घातलाय की मागाहून कुणी चिकटवलाय? आणि ते ओळखायचं कसं? ज्ञानेश्वरांचं 'घनु वाजे घुणघुणा' मी आजवर सरळ विरहगीत म्हणून ऐकत आले. तिथेही म्हणे आत काहीतरी आहे. 'भय इथले संपत नाही'बद्दल तर चार जणांना विचारलं की पाच अर्थ मिळतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (ज्ञान पाजळलंत तरी चालेल, पण उदाहरण देऊन.)

शंकासुर

चिकटवलेलाच. माणसाला गाणं नुसतं गाणं असलेलं सहन होत नाही.

'रिंगा रिंगा रोझेस' घ्या. हे १६६५ च्या लंडनमधल्या प्लेगचं गाणं, रोझेस म्हणजे अंगावरचे चट्टे, शेवटी सगळे पडतात म्हणजे मरतात, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. प्रत्यक्षात हे गाणं इंग्रजी पुस्तकांत छापलेलं दिसतं ते एकोणिसाव्या शतकात, १८८१ च्या सुमाराला. प्लेगची गोष्ट प्रचारात आली ती त्याच्याही नंतर, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ती केव्हाच मोडीत काढली आहे. पण गोष्ट चटकदार, त्यामुळे मरत नाही.

जॉन लेननला कळलं की आपल्या जुन्या शाळेत बीटल्सच्या गाण्यांचे अर्थ लावायला शिकवतात. त्यावर त्याने १९६७ मध्ये 'आय ॲम द वॉलरस'मध्ये मुद्दाम असंबद्ध ओळी भरल्या, घ्या लावा अर्थ म्हणून. लोकांनी त्याचेही अर्थ लावले!

झांजवाली

शंकासुर, लेननचं ठीक आहे, पण तोच न्याय भारुडाला लावू नका. मी भजनी मंडळात झांज धरते आणि मागे साथीला म्हणते, त्यामुळे ही भारुडं पाठ आहेत. भारूड म्हणणारा मध्येच हात वर करून टाळ-मृदंग थांबवतो आणि विचारतो, 'मायबाप, ही सासू कोण बरं?' मग निरूपण. ते भारुडाचंच अंग आहे. कोरी_पाटी, तुमच्या निवेदकांनी ते गाणं संपल्यावर सूचनाफलकासारखं लावलं म्हणून बेचव झालं. गाण्याच्या पोटात, सोंग घेतलेल्या माणसाच्या तोंडून आलं असतं तर तुम्ही त्यावरही हसला असता.

आता चिकटवलेलं कसं ओळखायचं? मी आधी गाण्याने स्वतः काही खूण ठेवलीय का ते बघते. 'विंचू चावला' शाहीर साबळ्यांमुळे घरोघरी गेलं, त्यामुळे आपल्याला फक्त 'अगगगग' आठवतं. पण धृपदातच 'कामक्रोध विंचू चावला' असं सरळ म्हटलंय. उताराही तिथेच: 'तमोगुण मागे सारा, सत्त्वगुण लावा अंगारा'. अर्थ लावायला कुणी पंडित नको. मला त्यातली खरी ओळ वाटते ती शेवटाकडची, 'किंचित राहिली फुणफुण'. सगळा उतारा झाला तरी थोडी ठणक राहतेच, ती गुरूने शांत केली. इथे विंचवाचं विष आणि रागाचं विष इतकं एकजीव झालंय की वेगळं करता येत नाही. राग गेल्यावरही फुणफुण राहते, ज्याला राग येतो त्याला ठाऊक आहे.

'रोडगा वाहीन'मध्ये अशी किल्ली हातात दिलेली नाही. अहंकार हा शब्द नाही, माया नाही. म्हणूनच एका कीर्तनकाराचा सासरा अहंकार असतो तर दुसऱ्याचा क्रोध. ते तक्ते मी फार मनावर घेत नाही. मी मागण्यांकडे बघते. सासऱ्याला खपव, सासूला निर्दाळ. जावेला मरण नाही, 'बोडकी कर गं तिला', म्हणजे दीर न बोलता गेला! नणंदेच्या किरकिऱ्या पोराला मात्र फक्त खरूज. तिथे हमखास हशा येतो, कारण एवढ्या कत्तलीत मधेच तिची दया दिसते. आणि मग थेट 'दादला मारून आहुती देईन'. या सगळ्याच्या बदल्यात देवीला काय, तर एक रोडगा, म्हणजे जाडजूड भाजलेली भाकर.

इथवर ही गांजलेली सून आहे आणि तिचा जाच खरा आहे. माझ्या शेजारी बसून म्हणणाऱ्या बायका 'सासू माझी जाच करिती' म्हणताना मायेचा विचार करत नाहीत, हे मी खात्रीने सांगते.

पण शेवटी येतं, 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला'. इथे पाऊल अडखळतं. जाच करणारे गेले की सुनेला घर हवं, पोरंबाळं हवीत, निदान माहेर तरी. हिला काहीच नको. आणि 'सगळेचि जाऊ दे' नेमकं नाथांच्या नाममुद्रेच्या, म्हणजे कवीचं नाव गुंफलेल्या ओळीत येतं. सून बोलता बोलता मुमुक्षू, म्हणजे मोक्षाची आस असलेला, बोलायला लागतो. ही ओळ नसती तर मी शंकासुरांच्या बाजूने असते.

'घनु वाजे'मध्येही तसंच. चांदणं नको, चंदनाची उटी अंग पोळते, फुलांच्या शेजेवर आग होते. हे सगळं कुठल्याही विरहिणीचं. लताबाईंच्या आवाजात ते ऐकताना दुसरं काही सुचणारही नाही. मग शेवटचं कडवं ऐका: 'दर्पणी पाहता रूप न दिसे वो आपुले'. आरशात बघते तर तिला स्वतःचा चेहराच दिसत नाही. प्रियकर दूर असला तर चेहरा सुकलेला दिसेल, रडवेला दिसेल. नाहीसा कसा होईल? त्या एका ओळीने आधीची सगळी कडवी उलगडतात, आणि तरीही ती विरहाची राहतातच. ज्ञानेश्वरांनी प्रेमगीत खोटं पाडलेलं नाही.

मारवा

झांजवालींचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

'भय इथले संपत नाही'बद्दल एवढंच. कवी ग्रेसांकडे अशी खूण शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. कवितेतली 'तू' आई की प्रेयसी की आणखी कुणी, यावर लोक हिरिरीने भांडतात. मला वाटतं ती जागा त्यांनी मोकळीच ठेवलीय. हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा आवाज असल्यामुळे आपण ते ऐकतो 'गाणं' म्हणून आणि अर्थ मागतो कोड्याचा. त्यात भर म्हणजे 'महाश्वेता' मालिकेचं ते शीर्षकगीत. ज्यांनी ते आधी तिथे ऐकलं त्यांच्यासाठी 'भय' त्या नायिकेचंच होऊन बसलं. कविता तिच्याबद्दल नव्हती, पण म्हणून त्यांचं ऐकणं चुकीचं म्हणायला जीभ रेटत नाही.

शंकासुर

दर्पणाच्या ओळीपुढे शस्त्रं खाली. पण मग मुक्ताबाईंचं 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी' घ्या. तिथे तर प्रत्येक ओळ अडखळवते. वांझेला पुत्र, माशी व्याली नि घार झाली. तुमच्या कसोटीने त्याचा काय तो एकच आतला अर्थ निघायला हवा. मी तीन वेगवेगळी विवरणं वाचलीत, तिन्हींतली मुंगी वेगळी.

झांजवाली

खूण असली की आत काहीतरी आहे एवढंच कळतं, एकच अर्थ आहे असं मी कुठे म्हटलं? ते कूटच आहे, म्हणजे मुद्दाम घातलेलं कोडं, बाहेरून जगात बसत नाही हे पहिल्या ओळीलाच कळतं. आणि शेवट बघा, 'देखोनी मुक्ताई हासली'. तिने स्वतः उलगडून सांगितलेलं नाही, ती हसून मोकळी झालीय. तुमच्या तीन विवरणकारांपैकी कुणी त्या हसण्याचं काय ते सांगितलंय का? मुंगी म्हणजे जीव की कुंडलिनी यावर पानंच्या पानं भरतात आणि ती हसली का, हे सोडून देतात.

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार. 'घनु वाजे' लगेच पुन्हा लावलं. शेवटचं कडवं मी आजवर नीट ऐकलंच नव्हतं, तोवर स्वयंपाकघरात गेलेली असायचे बहुतेक.

झांजवाली, एक शंका. 'दादला नको गं बाई, मला नवरा नको गं बाई' हेही नाथांचंच ना? त्यात मोडकं घर, तुटकं छप्पर अशी सरळ गरिबीची तक्रार आहे. तिथे कुठे अडखळायचं?

झांजवाली

नाथांचंच. नवऱ्याला नाही म्हणण्याचं कारण घर आहे की नवरा, ते आधी बघा. छप्पर मोडकं, जेवायला धड नाही, नेसायला धड नाही, ही यादी ती मजेत वाचते. पण चांगलं घर मिळालं तर नांदेन असं एकदाही म्हणत नाही. मग शेवटच्या कडव्यात नाममुद्रा कुठे येते ते स्वतः ऐका आणि इथे लिहा. मी आत्ताच सांगितलं तर शंकासुर म्हणतील मी चिकटवलं.