'पाचवा लागला' म्हणजे नक्की किती?

प्रश्न: गरोदर बायांसाठीच्या माहितीपत्रकात '21 आठवडे' बोलभाषेत कसं लिहावं? 'पाचवा लागला', 'पाच झाले', 'सहावा चालू' असे तीन पर्याय पुढे आलेत.

उत्तर: तिन्हींचा अर्थ वेगळा. 'लागला' म्हणजे महिना सुरू झाला, 'सरला' किंवा 'भरला' म्हणजे पुरा झाला. पाचवा लागतो तेव्हा भरलेले चारच असतात. 'पाच झाले' मात्र टाळा. कुणी त्यात चालू महिना धरतं, कुणी धरत नाही.

समजा शेवटची पाळी 10 जून 2024 ला आली. 10 ऑक्टोबरला चार भरले, पाचवा लागला. 5 नोव्हेंबरला होतात 148 दिवस, म्हणजे 21 आठवडे 1 दिवस. पाचवा अजून सरायचाय. 'सहावा चालू' कुठून आलं? कुणीतरी 21 ला 4 ने भागलं असणार. महिना सरासरी साडेतीस दिवसांचा, चार आठवडे 28 दिवसांचे. म्हणून तर 40 आठवड्यांचे 'दहा महिने' होऊन बसतात. तुम्ही 'पाचवा सरत आला (21 आठवडे)' असं लिहा.

मोजणी पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकली त्या तारखेपासून धरलं तर चार आठवडे कमी भरतात.

दुसरं उत्तर: 'नऊ महिने नऊ दिवस' हेही तपासून घ्या. बाळंतपणाची तारीख काढायचा डॉक्टरांचा हिशेब 280 दिवसांचा: पाळीच्या तारखेत 7 दिवस आणि 9 महिने मिळवायचे. वरच्या उदाहरणात 17 मार्च 2025. इंग्रजी तारखेने नऊ-नऊ धरलं तर दोनच दिवस पुढे जातं, ते चालतं. तिथीने धरलं तर चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, एकूण 275 च भरतात. पाच दिवस आधीच 'दिवस भरले' म्हणून घरात धावपळ! त्यात अधिक मास आला की विचारूच नका.

पाळी दर 35 दिवसांनी येत असेल, तर या हिशेबाने निघालेल्या तारखेत आणखी आठवडा मिळवावा, कारण बीज उशिरा सुटतं.

आणखी एक: 'शेवटची पाळी कधी?' असं विचारलं की पुष्कळ जणी पाळी चुकल्याची तारीख सांगतात. 'शेवटचं अंगावरून कधी गेलं, कितवा दिवस होता, नेहमीइतकं गेलं का?' असं विचारा. नुसते डाग दिसले असतील तर ते गर्भ रुजतानाचेही असू शकतात. त्यांना पाळी धरलं की महिना कमी पडतो. तारीख आठवत नसेल तर गणपती, नवरात्र, संकष्टी यांच्या आधी की नंतर, असं विचारत जावं.

प्रतिप्रश्न: आणि सोनोग्राफीत वेगळे आठवडे आले तर?

उत्तर: पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आठवडाभराच्या फरकाने बरोबर असते; ती तारीख कायम ठेवतात. शेवटच्या तीन महिन्यांत फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो, कारण वय बाळाच्या आकारावरून काढतात आणि तोवर बाळाबाळांच्या आकारात बराच फरक पडलेला असतो. तेव्हाच्या रिपोर्टवरून तारीख पुढे ढकलली, तर वाढ खुंटलेलं बाळ 'अजून दिवस कमी आहेत' म्हणून नजरेतून सुटतं. रिपोर्टमधले आठवडेही पाळीपासूनच मोजलेले असतात, त्यात गर्भ राहण्याआधीचे म्हणून वेगळे दोन मिळवू नका.