विषय: समुद्राकाठचा कॉन्डो की गोल्फवरचं घर?

प्रेषक: एडिसनचा सांगलीकर

मंडळी, नमस्कार.

सध्या तीन आठवडे सांगलीत आहे, विश्रामबागला आईकडे. जेट लॅगमुळे पहाटे तीनला डोळा उघडतो आणि उघडला की डोक्यात एकच विषय. तुमच्यातले बरेच जण यातून गेलेत, म्हणून विचारतो.

पोरं मार्गी लागली. दोन-तीन वर्षांत नोकरी सोडायचा विचार आहे. न्यू जर्सीचं घर ठेवायचं आणि हिवाळ्यापुरतं फ्लोरिडात दुसरं घ्यायचं, इथपर्यंत आमचं एकमत आहे. पुढं नाही. हिला आवडलाय गल्फ किनाऱ्यालगतच्या बेटावरचा दोन बेडरूमचा कॉन्डो, म्हणजे सोसायटीतला मालकीचा फ्लॅट. सहावा मजला, बाल्कनीतून नुसतं पाणी. इमारत १९८४ची. मला आवडलंय तिथनं पाऊण तास आत, गोल्फ रिसॉर्टमधलं बैठं घर. मागचं दार उघडलं की सातव्या होलचा फेअरवे, म्हणजे चेंडू मारत जायची हिरवळ. गोल्फ मी पन्नाशीत शिकलो, ऑफिसातल्यांच्या संगतीनं. खेळतो वाईट, पण नाद लागलाय खरा.

किमती उन्नीस-बीस. आईला विचारलं तर म्हणाली, "दोन घरं झाडायची कुणी?" तो मुद्दा सोडून बाकी सांगा.

---

प्रेषक: टॅम्पाची वहिनी

भावजी, आधी त्या १९८४ पाशी थांबा.

मायामीजवळच्या सर्फसाइडची ती कॉन्डो इमारत १९८१ची होती. २४ जून २०२१च्या मध्यरात्रीनंतर ती कोसळली आणि ९८ माणसं गेली. पुढच्या वर्षी फ्लोरिडानं कायदा केला. तीन किंवा जास्त मजल्यांच्या कॉन्डो इमारतीला तीस वर्षं झाली की बांधकामाची तपासणी, त्यानंतर दर दहा वर्षांनी. समुद्राजवळ स्थानिक अधिकारी ती पंचविसाव्या वर्षीही मागू शकतात. शिवाय छत, खांब, वॉटरप्रूफिंग असल्या मोठ्या कामांना पुढं किती पैसा लागेल याचा हिशोब करून राखीव निधी साठवायचा. पूर्वी मालक मतदान करून तो निधी टाळायचे. महिन्याचा मेंटेनन्स कमी दिसायचा, सगळे खूश. आता ती पळवाट जवळजवळ बंद झालीय, त्यामुळे आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं न भरलेलं आत्ताच्या मालकाच्या डोक्यावर येतं.

आमच्या आलं. इमारतीचं नाव घेत नाही. मेंटेनन्स कमी बघून आम्ही हुरळलो होतो. दीड वर्षात बाल्कन्यांचं काँक्रीट खराब झाल्याचं निघालं आणि स्पेशल असेसमेंटचं, म्हणजे दुरुस्तीसाठी मालकांकडून घ्यायच्या जादा वर्गणीचं, पत्र हातात पडलं. हे तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. समुद्र मात्र तेव्हाही छानच दिसत होता.

तर ऑफर देण्याआधी तपासणीचा अहवाल मागा, राखीव निधीचा मागा, आणि बोर्डाच्या मागच्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा. एजंटच्या फोटोत सूर्यास्त असतो, इतिवृत्तात गळणारं छत असतं. कुणाचं कुणाशी भांडण आहे तेही कळतं, वाचायला मजा येते.

विम्याचं थोडक्यात. सोसायटीचा मास्टर विमा इमारतीचा असतो, आतलं तुमचं तुम्ही बघायचं, त्याला एचओ-६ म्हणतात. त्यात 'लॉस असेसमेंट', म्हणजे विम्यात बसणाऱ्या नुकसानीसाठी सोसायटीनं मागितलेल्या तुमच्या वाट्याची भरपाई, आहे का आणि किती, ते विचारा. चक्रीवादळाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायचा भाग, बहुतेक ठिकाणी टक्क्यांत असतं, आणि ते टक्के नुकसानीचे नसून विम्याच्या एकूण रकमेचे असतात. पुराचा विमा वेगळा. सरकारी योजनेतला नवा विमा साधारण ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर फोन करून उपयोग नाही.

---

प्रेषक: फिनिक्सचा सातारकर

वहिनींनी समुद्र बुडवला, मग गोल्फला तरी का सोडायचं?

मी सहा वर्षं फेअरवेवर राहतोय. पहिलं म्हणजे घर टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, बघताना उजव्या हाताला आहे की डाव्या, ते बघ. उजव्या हातानं खेळणाऱ्या नवशिक्यांचा चेंडू स्लाइस होऊन उजवीकडेच पळतो. आमच्या स्वयंपाकघराची काच दोनदा फुटली. मारणारा हात वर करून 'सॉरी' म्हणतो आणि कार्टमधून पुढं निघून जातो. तू स्वतःच वाईट खेळतोस म्हणतोस, तेव्हा तुला कळेल.

दुसरं, मेंबरशिप कसली आहे? काही ठिकाणी ती घराबरोबरच येते, म्हणजे तू खेळ अथवा न खेळ, पैसे जातातच. काही ठिकाणी वेगळी, मोठी प्रवेश फी भरून. सोडायची म्हटलं तर तुझ्या आधी सोडणाऱ्यांची रांग असते. त्यावर 'फूड मिनिमम'. ठरलेल्या रकमेचं क्लबात खावंच लागतं. आमच्या हिची चतुर्थी, एकादशी, श्रावण. क्लबवाल्यांना तीन वर्षांत एवढंच समजलंय की या बाईंना फ्रेंच फ्राइज आवडतात.

फ्लोरिडात सीडीडी म्हणजे काय तेही बघून घे. रस्ते, ड्रेनेज, तळी बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता तुझ्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात लागून येतो. तो एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या, फीपेक्षा वेगळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोर्सची जमीन कुणाची? रहिवाशांच्या क्लबची की बिल्डरची? गेल्या काही वर्षांत अमेरिकेत पुष्कळ गोल्फ कोर्स बंद पडलेत. बंद पडलेल्या कोर्सवर आधी गवत माजतं, मग बुलडोझर येतो. साताऱ्याला आमच्या घरातून अजिंक्यतारा दिसायचा, निदान तो कुणी विकू शकत नव्हता. मधे चार मजली अपार्टमेंट मात्र उठलं.

---

प्रेषक: गावभागातले अण्णा

ह्यूस्टनला तीस वर्षं काढून परत आलो तरी मंडळाच्या या मेल-यादीवरून माझं नाव कुणी काढलं नाही, त्याचा फायदा घेतो.

बाळ, तू सांगलीचा. पावसाळ्यात सांगलीचा माणूस भेटल्यावर पहिलं काय विचारतो? "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. मग तुझ्या एवढ्या मेलमध्ये फूट कुठं आहेत?

२००५ला पाणी ५३ फुटांवर गेलं तेव्हा लोक म्हणाले, असा पूर परत बघायला मिळणार नाही. २०१९ला ५७च्या वर गेलं. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, सगळीकडं होड्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. घरात थेंब आला नाही. पण मीटर खाली, पाण्याची मोटर खाली, गाडी खाली. लाइट नाही, प्यायला पाणी नाही, लिफ्ट नाही. हिचं इन्सुलिन होडीतून आलं. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही रे, पण ते तुला खाली उतरूही देत नाही. तुझ्या सहाव्या मजल्याचं तेच आहे. लिफ्टची मशिनरी, विजेचे पॅनेल, पार्किंग कुठल्या उंचीवर आहे ते विचार. बेट म्हणतोस, म्हणजे पूल आला. सप्टेंबर २०२२मध्ये इयान वादळानं फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटाचा कॉजवे, म्हणजे बेटाला जोडणारा रस्ता, तोडला तेव्हा घर शाबूत असलेल्या माणसालाही गाडीनं घरी जाता येईना.

आपल्याकडं निळी आणि लाल पूररेषा असते. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. तिकडं फेमाचे, म्हणजे सरकारी आपत्ती खात्याचे, नकाशे आहेत, पत्ता टाकला की दिसतात. त्यात व्हीई लिहिलेला भाग म्हणजे पाणी आणि वर लाटांचा मार. एई म्हणजे पूरक्षेत्रच, लाटा त्या मानानं कमी. शंभर वर्षांतून एकदा म्हटलं की माणूस निवांत होतो. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का. तीस वर्षांच्या कर्जात ते २६ टक्के होतात. इंजिनिअर आहेस, गणित करून बघ.

सातारकर, तुझ्या पक्षालाही सांगतो. फ्लोरिडातल्या गोल्फ कोर्सवरची ती सुंदर तळी बहुतेक पावसाचं पाणी साठवायला खणलेली असतात. तळी तुडुंब झाली की पाणी जाणार कुठं, ते त्या बैठ्या घराच्या जोत्याची उंची बघूनच कळेल.

तू इथं आहेस तोवर चहाला ये. आमच्या जिन्यात २०१९ची रेघ अजून आहे, रंगारी तेवढी सोडून रंगवून गेला. मीच सांगितलं होतं.

---

प्रेषक: एडिसनचा सांगलीकर (पण लिहितेय ती 'ही')

अण्णा, काल ह्यांना तुमच्याकडून आल्यावर गप्प बघितलं, म्हणून मेल मीच लिहिते. ती रेघ ह्यांच्या खांद्याला लागली म्हणे.

मला समुद्र हवाय हे खरं. माझं माहेर मिरजेचं. पहिल्यांदा समुद्र बघितला तो कॉलेजच्या सहलीत गणपतीपुळ्याला, आणि तेव्हापासून ते वेड आहे. पण सकाळी पायाला पाणी लागलं म्हणजे मला झालं, त्याचं काँक्रीट माझ्या नावावर असलंच पाहिजे असं नाही.

तेव्हा सध्या असं ठरलंय. येत्या फेब्रुवारीत त्याच बेटावर महिनाभर भाड्यानं राहायचं, मार्चमधले दोन आठवडे ह्यांच्या गोल्फवर. सीझनचं भाडं जबर आहे, पण वहिनींच्या असेसमेंटपुढं किरकोळच. दोन्हीकडच्या एजंटांना काल रात्री मेल केली. समुद्रवाल्याकडं अहवाल आणि इतिवृत्तं मागितली, तर त्यानं सूर्यास्ताचे आणखी चार फोटो पाठवले. गोल्फवाल्याला विचारलं की घर टीच्या उजवीकडं की डावीकडं. त्याचं उत्तर आलं, "यू मस्ट बी अ गोल्फर!" बाजू सांगितली नाही.

वहिनी, तुमच्या एचओ-६मध्ये लॉस असेसमेंट किती रकमेचं होतं आणि आता किती केलंत, तेवढं मला वेगळं कळवा.

फिनिक्सला भडंग कुरियरनं पाठवायचं की मंडळाच्या दिवाळीला आणायचं? अण्णांनी दोन किलो बांधून दिलंय, त्यातलं अर्धं विमानतळापर्यंतही टिकणार नाही असं दिसतंय.