मदत हवी आहे: गाडीचं दार उतरलंय, घरीच जुळवता येईल का?

नमस्कार मंडळी. गाडी बरीच जुनी आहे. चालकाच्या बाजूचं दार मागच्या टोकाला उतरलंय. लावताना जरा उचलून धरलं नाही तर 'खट्' होऊन परत उघडतं. मला सवय झालीय, पण दुसरं कुणी बसलं की दार दणकन आपटतं आणि माझ्या काळजात धस्स होतं.

पुढच्या-मागच्या दारांमधली फट वर 3 मिमी, खाली 7 मिमी. दोन दारांमधल्या खांबावरचा स्ट्रायकर (दाराचं लॅच, म्हणजे खटका, ज्यात अडकतो ती कडी) वरच्या अंगाने घासून चकचकीत झालाय. मी शहाणपणा करून टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) बिटने त्याचे बोल्ट ढिले केले आणि तो थोडा खाली घेतला. दार आता न उचलता लागतं, पण फट तशीच वाकडी, वर वेग घेतला की काचेच्या मागच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजते. बिजागऱ्यांना हात लावू का? जॅक, सॉकेट सेट आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा) आहे.

प्रतिसाद १:
स्ट्रायकर आधी हलवलात तिथेच गडबड झाली. दार कुठे बसणार ते बिजागऱ्या ठरवतात, स्ट्रायकर फक्त लागलेलं दार धरून ठेवतो. तो शेवटी जुळवायचा.

आधी दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर-खाली हलवा. बघायचं मात्र बिजागरीकडे. बिजागरीची पिन बुशमध्ये (पिनभोवतीच्या बारीक नळीत) हलत असेल तर बोल्ट कितीही फिरवा, महिन्याभरात दार पुन्हा उतरेल. मग पिन-बुशच बदला.

धागाकर्ता:
हलवून पाहिलं. पिन घट्ट आहेत, पण वरच्या बिजागरीचा पुढच्या खांबाकडचा एक बोल्ट बोटांनी फिरतोय!

प्रतिसाद २:
चोर सापडला की! काही गाड्यांत बिजागऱ्या वेल्ड केलेल्या असतात, तुमच्या बोल्टवर आहेत हे नशीब.

स्ट्रायकर पूर्ण काढा, म्हणजे दार मोकळं बसतं आणि खरी जागा कळते. बिजागरीभोवती मार्करने रेघ मारा, बिघडलं तर परतीचा रस्ता राहतो. दाराच्या मागच्या टोकाखाली जॅक, त्यावर लाकूड आणि जाड कापड. खालच्या बिजागरीला हात नको. वरचीचे खांबाकडचे बोल्ट जेमतेम सैल करा आणि जॅक केसभर चढवा. मागचं टोक उचललं की वरची बिजागरी आपोआप पुढे सरकते. बोल्ट आवळा, जॅक काढा, दार हळू लावून फट बघा. दोन-तीन फेऱ्या होतीलच. जॅकने जोर लावून दार वाकवायचा मोह टाळा, पत्रा बसतो.

धागाकर्ता:
झालं! चार फेऱ्या लागल्या. तिसऱ्या वेळी जॅक जास्त चढला आणि फट उलटी वाकडी झाली, तेव्हा ती मार्करची रेघच कामाला आली. आता वर-खाली 5 मिमी. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळले, स्ट्रायकर बसवला.

शिट्टी मात्र थोडी उरलीय. कागदाची पट्टी दारात धरून ओढली, तर त्या कोपऱ्यात सहज निसटते, बाकी सगळीकडे अडते.

प्रतिसाद १:
स्ट्रायकर मिलिमीटरभर आत घ्या. तरी पट्टी निसटलीच तर तिथलं रबर चेपलंय, ते बदला.