अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांचं वजन आणि स्ट्रेस: दोन्ही एकत्र हाताळायचं की नाही?

सावली_अटलांटा:
मी इथे डाएटिशियन आहे, वजन कमी करायचा ग्रुप चालवते, ग्रुपमध्ये जवळपास सगळ्या ब्लॅक बायका. कार्यक्रम डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमच्या धर्तीचा, म्हणजे ७ टक्के वजन उतरवायचं, आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि खाल्लेलं सगळं लिहून ठेवायचं. २००२ मध्ये त्याचे निकाल आले तेव्हा डायबेटीसचा धोका ५८ टक्क्यांनी घटला होता, त्यामुळे कार्यक्रम वाईट आहे असं कोणी म्हणणार नाही. पण त्याच अभ्यासात ब्लॅक बायकांचं वजन बाकीच्यांपेक्षा कमी उतरलं, आणि नंतरच्या कार्यक्रमांतही बऱ्याचदा तेच दिसलंय. सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१७-१८ च्या आकड्यांत ५६.९ टक्के ब्लॅक बायका लठ्ठपणाच्या गटात होत्या, गोऱ्या बायका ३९.८ टक्के.

ग्रुपमधल्या एकीची डायरी सांगते. नर्सिंग होममध्ये काम करते, बाई फार शिस्तीची. सकाळ दुपार सगळं नीट मोजून मापून लिहिलेलं, आणि मग रात्री अकराला, गाडीत बसून, चिप्सचं मोठं पाकीट आणि कोक. शेजारी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "मुलगा गाडी घेऊन बाहेर आहे, फोन उचलत नाही." पोलिसांनी गाडी थांबवली तर पुढे काय होईल ही धास्ती इथल्या प्रत्येक ब्लॅक आईला आहे. तिला मी चिप्सच्या कॅलरी सांगत बसू का? माझं म्हणणं एवढंच की स्ट्रेस कसा हाताळायचा हे पहिल्या आठवड्यापासून शिकवायला हवं, शेवटी उरलेल्या तासात उरकायचा विषय नाही तो.

आकडेमोड:
ताई, डायरी वाचून वाईट वाटलं पण पुरावा कुठाय? २०१३ मध्ये नेमकी याच कल्पनेची एक छोटी चाचणी छापून आली होती, पन्नासहून कमी ब्लॅक बायका, १२ आठवडे, अर्ध्यांना नुसता वजनाचा कार्यक्रम आणि अर्ध्यांना त्यात स्ट्रेसचा भाग जोडून. वजन दोन्हीकडे उतरलं, जोडलेल्या गटाचं थोडं जास्त, पण तो फरक ठामपणे सांगता येण्याइतका नव्हता. कॉर्टिसॉल, म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन, उतरला म्हणून वजनही उतरलं असं होत नाही. त्यात आधीच दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला तुम्ही अजून एक धडा देणार, म्हणजे हजेरी घसरणार. त्यापेक्षा ड्यूक युनिव्हर्सिटीचा शेप कार्यक्रम बघा, नॉर्थ कॅरोलायनातल्या १९४ ब्लॅक बायका, उद्दिष्ट फक्त वजन वाढू द्यायचं नाही एवढंच. छोटी छोटी ध्येयं, त्यांची नोंद फोनवर, महिन्यातून एकदा कोचशी बोलणं. वर्षाने त्या सरासरी एक किलो खाली आणि नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्या अर्धा किलो वर. मागणी कमी केली की लोक टिकतात.

रात्रपाळी_शिकागो:
मला दोघांचंही पटत नाही. मी शिकागोच्या साउथ साइडला, ब्लॅक वस्तीच्या भागात, नर्स आहे. आर्लीन जेरोनिमस या संशोधक बाईंनी १९९२ मध्येच मांडलं होतं की भेदभाव आणि ओढाताण वर्षानुवर्षं सोसून ब्लॅक बायकांची शरीरं लवकर झिजतात. बोस्टन युनिव्हर्सिटीचा ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी १९९५ पासून चालू आहे, ५९ हजार बायका, त्यात ज्यांनी वर्णभेदाचे अनुभव जास्त सांगितले त्यांचं वजनही जास्त वाढलेलं दिसलं. मग रोग कुठे आहे आणि औषध कोणाला देताय? दीर्घ श्वास घ्यायला शिकवून घरभाडं कमी होत नाही, सुपरवायझरचं वागणं बदलत नाही आणि बस सुटायची ती सुटतेच. वर आणि वजन उतरलं नाही की तिलाच ऐकवणार, बाई तू रिलॅक्स होत नाहीस. हा सगळा भार पुन्हा तिच्याच डोक्यावर टाकणं झालं, आणि मला याचा मनापासून राग येतो.

सावली_अटलांटा:
@रात्रपाळी, राग अगदी बरोबर आहे, पण स्ट्रेस मॅनेजमेंट म्हणजे डोळे मिटून श्वास एवढंच नाही हो. शेरिल वुड्स-गिसकॉम्बे या नर्सिंगच्या संशोधकांनी २०१० मध्ये सुपरवुमन स्कीमा मांडला: कायम खंबीर दिसायचं, भावना गिळायच्या, कोणाकडे मदत मागायची नाही, आधी सगळ्यांचं बघायचं मग स्वतःचं. ग्रुपमध्ये हे बोलायला काढलं की तास पुरत नाही. मग आम्ही अगदी साध्या गोष्टी ठरवतो, रविवारी चर्चनंतरचा स्वयंपाक बहिणीवर कसा सोपवायचा, नाही कसं म्हणायचं, झोपेची वेळ कशी वाचवायची. केसांचंच घ्या, घामाने सेट केलेले केस जातात आणि सलूनचे पैसे वाया जातात म्हणून व्यायाम टाळणाऱ्या कितीतरी आहेत, २०११ मध्ये तेव्हाच्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या आरोग्यविषयक मुख्य प्रवक्त्या, रेजिना बेंजामिन यांनी अटलांटातल्या हेअर शोमध्ये जाऊन हे जाहीर बोलून दाखवलं होतं. कॅलरीच्या तक्त्यात यातलं काही येत नाही.

पुणेकर_डॉ:
आता वजन उतरवायची इंजेक्शनं आली आहेत ना, वेगोवीला तिकडे २०२१ मध्येच मंजुरी मिळाली, मग हा वाद कशाला? आणि स्ट्रेस आपल्याकडच्या बायकांनाही आहेच की.

रात्रपाळी_शिकागो:
डॉक्टर, आहेच, कोण नाही म्हणतंय, पण रात्री पोराला पोलीस थांबवतील ही भीती आणि आपल्याकडची ओढाताण एकाच मापाने मोजू नका. आणि इंजेक्शन परवडायला चांगला इन्शुरन्स लागतो, मिसिसिपीत तर मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची, व्याप्तीसुद्धा अजून वाढवलेली नाही. @सावली, बहिणीवर स्वयंपाक सोपवायचा म्हणता, ती बहीणही डबल शिफ्ट करत असेल तर? गर्लट्रेकसारखं काम मला जास्त पटतं, २०१० पासून ब्लॅक बायकांनीच उभं केलेलं, रोज अर्धा तास चाला, गल्लीतल्या बाकीच्यांना सोबत घ्या. चालणंही होतं, मनही मोकळं होतं, आणि वस्तीतल्या रस्त्यांवर त्यांचा हक्क बसतो. तिथे तुमच्यामाझ्यासारख्या बाहेरच्यांनी शिकवायला जायची गरज पडत नाही.

आकडेमोड:
गर्लट्रेकचं पटलं. पण सावलीताई, माझा प्रश्न तसाच आहे. स्ट्रेसचा भाग घालायचा तर काय कमी करणार ते सांगा, आणि १२ आठवड्यांवर थांबू नका, वर्षाने वजन, झोप, बीपी सगळं मोजा, किती जणी मध्येच सोडून गेल्या तेही लिहा. त्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

सावली_अटलांटा:
खाण्याच्या पाकिटावरचं लेबल वाचायचे दोन तास एकात बसवते, तेवढी जागा होते, त्या सगळ्यांना लेबल वाचता येतं. वर्षभर मोजायचं कबूल. आणि @रात्रपाळी, बहिणीचं तुम्ही म्हणताय ते खरं आहे, म्हणून पुढच्या बॅचला ग्रुप चालवायला यातलीच एक जुनी सदस्य असावी आणि तिला त्याचा पगार मिळावा असं मी मागणार आहे. पण तोवर स्ट्रेसचा भाग काढून टाका म्हणाल तर मी काढणार नाही.