मदत हवी आहे: टोस्टरचा खटका खाली थांबत नाही, बॉडीला झिणझिण्या येतात

मुलुंडकर
दोन स्लाइसचा पॉप-अप टोस्टर, ७५० वॅट, स्टीलची बॉडी, तीन पिनांचा प्लग. पावसाळा लागल्यापासून खटका दाबला की लगेच वर उडतो. चालू असताना बॉडीला बोट लागलं तर झिणझिण्या येतात. इमारत जुनी आहे. दुरुस्त करावा की टाकून द्यावा?

तारयंत्री
झिणझिण्या आधी. आजपासून वापर बंद, प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही: जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर (करंट परत नेणारी तार) असतं, मग बटण बंद असूनही आतल्या उघड्या तारेत फेज (जिवंत करंट) राहतो.

मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) असेल तर प्लग काढलेल्या टोस्टरवर तीन गोष्टी बघा. अर्थची जाड पिन ते बॉडी: जोड सलग असल्याचा बीप वाजायला हवा (पॉलिश न केलेल्या स्क्रूवर टोक टेकवा). मग खटका हाताने दाबून धरा, नाहीतर आतले काँटॅक्ट उघडेच राहतात. दोन बारीक पिनांमध्ये साधारण ७० ओहम यावेत. बारीक पिन ते बॉडी काहीच दाखवता कामा नये.

खमंग
खटक्याचं कारण बहुधा चुरा. खटक्याला खाली छोटा इलेक्ट्रोमॅग्नेट धरून ठेवतो. चुंबक आणि लोखंडी पट्टी यांच्यात पावाचा एक कण अडकला तरी पकड सुटते. सॉकेटमध्ये वीज येत नसेल तरी खटका थांबत नाही, हेही बघून घ्या.

पूर्ण गार करून चुऱ्याचा ट्रे काढा, टोस्टर पालथा धरून हलके थोपटा, मग रंगाच्या कोऱ्या, मऊ ब्रशने खटक्याची फट झाडा. तारा अभ्रकाच्या पातळ पट्ट्यांवर गुंडाळलेल्या असतात, त्यांना ब्रश लावू नका. अभ्रक चटकन तुटतो. सुरी, काटा, ओलं फडकं अजिबात नको. ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करा. चुऱ्याला झुरळं येतात, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि त्यातूनच करंट झिरपतो.

आणि कृपा करून लादीपाव आत कोंबू नका. तो फुगतो, अडकतो, वर येत नाही आणि तारेला टेकून पेटतो. पाव तव्यावरच भाजावा. लोणीही टोस्ट निघाल्यावर लावा. आतच पेटलं तर प्लग ओढा, पाणी ओतू नका.

मुलुंडकर
चुरा काढला, खूप निघाला. अर्थ पिन ते बॉडी बीप वाजला, मधे ७१ ओहम, बॉडीला काही नाही. आता लावू?

तारयंत्री
अजून नाही. टोस्टरची अर्थ वायर शाबूत असताना झिणझिण्या आल्या, म्हणजे सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं असणार. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून फेज ते अर्थ मोजून घ्या. २३० व्होल्टच्या आसपास हवं. ९०-१०० असलं काही आलं तर अर्थ लोंबकळतोय, म्हणजे जमिनीशी जोडलेलाच नाही. सॉकेटमध्ये अर्थ न्यूट्रलला जोडून देतो म्हणाला तर ठाम नकार द्या: न्यूट्रल तुटला की सगळी बॉडी फेजवर येते. नळाच्या किंवा गॅसच्या पाइपलाही जोडू देऊ नका. मीटर रूममधल्या अर्थपट्टीपासून हिरवी वायर ओढायची आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट झिरपला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवायचा. ते झालं की पाव न घालता एक फेरी चालवा, आतली ओल उडेल. आरसीसीबी ट्रिप झाला तर मात्र टोस्टर पुन्हा लावू नका, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असलेल्या कारागिराकडेच न्या.