मदत हवी आहे: अभ्यासिकेतल्या टेबलांवरची चकाकी कशी घालवायची?

सांगलीत विश्रामबागला 24 जणांची अभ्यासिका आहे. तक्रार एकच: दुपारी तीननंतर डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं. उजेड कमी नाही. टेबलावर 450 लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतात, वाचायला 300 ते 500 पुरतात. दोष चकाकीचाच. वही ठेवतो तिथे छोटा आरसा आडवा ठेवून खुर्चीत बसलं, की त्यात छताचा एलईडी पॅनेल लख्ख दिसतो. तोच उजेड गुळगुळीत पांढऱ्या सनमायकावरून उसळून डोळ्यांत येतो. कागदही गुळगुळीत असेल तर अक्षरं फिकी पडतात, माणूस नकळत डोळे बारीक करतो नि पापण्यांभोवतीचे स्नायू दमतात. त्यात पश्चिमेची खिडकी थेट समोर! (चष्म्याचे नंबर तपासून झालेत, तो सल्ला नको.)

टेबलं काटकोनात फिरवून खिडकी डाव्या हाताला घेतोय. आता जाणकारांनी सांगा: सनमायकावर मॅट फिल्म चिकटवली तर रोजच्या घासण्याने कडा सुटतात का? 2 बाय 2 फुटी पॅनेलसाठी मायक्रोप्रिझम डिफ्युझर (बारीक लोलकांची नक्षी असलेलं, चकाकी कमी करणारं झाकण) गणपती पेठेत सुटा मिळेल का? दुधी नको, तो आधीच आहे. आणि खिडकीला आतून रोलर ब्लाइंड बरा, की बाहेरून आडव्या पट्ट्या?